नोटिफिकेशन बंद केलं, तरी आठवड्यात पुन्हा वाजायला लागतं: नेमकं काय राहून जातं

फोन सायलेंटवर टाकला, ॲपचं नोटिफिकेशन बंद केलं, ग्रुप म्यूट केला. चार-आठ दिवस शांतता, आणि मग पुन्हा तीच कटकट. अशा तक्रारीत बहुतेक वेळा फोनमध्ये काही बिघडलेलं नसतं. जे बंद केलं ते बंदच असतं, आवाज दुसरीकडून येत असतो. नाहीतर जे बंद केलं ते मुळात मुदतीपुरतंच बंद झालेलं असतं. म्हणून सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते बटण दाबत सुटण्याआधी वाजवणारा कोण ते पकडायचं.

खालची माहिती मुख्यतः अँड्रॉइडची आहे, सांगली-साताऱ्याकडे जास्त करून तेच फोन असतात. मेनूची नावं इंग्रजीत ठेवलेल्या फोनप्रमाणे दिली आहेत. फोन मराठीत असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब'च्या जागी 'व्यत्यय आणू नका' दिसेल आणि नोटिफिकेशन्सच्या जागी 'सूचना'. कंपनीगणिक मेनूची मांडणी बदलते. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत तिचं नाव टाका.

आधी वाजवणारा पकडा

सेटिंग → नोटिफिकेशन्स → नोटिफिकेशन हिस्ट्री. ही सोय अँड्रॉइड ११ पासून आहे, पण ती आधी सुरू केलेली असावी लागते. सुरू करण्यापूर्वीचं काही ती दाखवत नाही. एकदा सुरू केली की गेल्या २४ तासांत कुठल्या ॲपने किती वाजता काय पाठवलं याची यादी तिथे मिळते, तुम्ही बोटाने सारून टाकलेल्यांसकट. रात्री अडीचला फोन थरथरला असेल तर सकाळी उठून अडीचची ओळ बघायची.

दुसरी जागा, सेटिंग → नोटिफिकेशन्स → ॲप नोटिफिकेशन्स. वर 'मोस्ट रीसेंट' लिहिलेलं असतं, त्यावर दाबून 'मोस्ट फ्रीक्वेंट' निवडा. सगळ्यात जास्त पाठवणारी ॲप्स वर येतील. सेटिंगमध्येच 'डिजिटल वेलबीइंग' नावाचा फोनवापराचा हिशेब ठेवणारा भाग असतो, त्याच्या डॅशबोर्डमध्ये 'नोटिफिकेशन्स रिसीव्हड' निवडलं तर रोजचा आकडाही मिळतो. ही यादी बघितल्यावर बऱ्याच जणांचा अंदाज चुकलेला निघतो. दोष व्हॉट्सॲपला दिलेला असतो, आणि वर बसलेलं असतं खरेदीचं एखादं ॲप किंवा चक्क ब्राउझर.

हिस्ट्रीत काहीच दिसत नाही, तरी आवाज येतो किंवा पडद्यावर चौकोन उगवतो, असं असेल तर संशयित वेगळे: सिम कार्ड, इतर ॲपवर चढून दिसायची परवानगी घेतलेलं ॲप, किंवा हातातलं घड्याळ. त्यांच्याकडे पुढे येऊच.

ॲप अपडेट झाल्यावर पुन्हा सुरू होतं, त्याचं कारण

२०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून एका ॲपची नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या कॅटेगरीत विभागलेली असतात. बँकेच्या ॲपचं उदाहरण घ्या. व्यवहार एका कॅटेगरीत, ऑफर दुसऱ्या, विमा-कर्जाच्या जाहिराती तिसऱ्या. तुम्ही ऑफरची कॅटेगरी बंद केली. ती कॅटेगरी ॲप स्वतःहून पुन्हा चालू करू शकत नाही, अँड्रॉइड ते करू देत नाही. पण नव्या नावाची नवी कॅटेगरी काढायला ॲपला पूर्ण मोकळीक आहे, आणि नवी कॅटेगरी येते ती चालू होऊनच. दसरा-दिवाळीच्या तोंडावर अपडेट आलं, त्यात 'फेस्टिव्ह'सारखं काहीतरी नवं खातं उघडलं, की वाजायला सुरुवात. तुमचं जुनं बटण बंदच असतं. नव्या बटणाची तुम्हाला खबर नसते.

उपाय सरळ आहे. ज्या ॲपचं एकही नोटिफिकेशन तुम्हाला लागत नाही, त्याच्या कॅटेगरी निवडत बसू नका. वरचं मुख्य बटणच बंद करा. मुख्य बटण बंद असलं की नवी कॅटेगरी आली तरी तिला तोंड उघडता येत नाही. गेम, खरेदी, बातम्या, फोटो सजवायची ॲप्स, टॉर्च आणि क्यूआर स्कॅनर सगळे यात जातात. टॉर्चला नोटिफिकेशन कशाला लागतं हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून ते चालत राहतं.

कॅटेगरी निवडायची ती फक्त बँक, यूपीआय, रेल्वे, एसटी, गॅस अशा ॲप्समध्ये, जिथे काही हवं असतं आणि काही नको. सगळ्यात सोपी रीत म्हणजे नको असलेलं नोटिफिकेशन आलं की ते सारून न टाकता त्यावर बोट दाबून धरायचं. नेमकी कुठली कॅटेगरी वाजली ते तिथेच दिसतं आणि तिथूनच 'सायलेंट' किंवा बंद करता येतं. सेटिंगमध्ये जाऊन वीस नावांतून शोधण्यापेक्षा हे बरं.

सॅमसंगच्या नव्या वन यूआयमध्ये (सॅमसंगने अँड्रॉइडवर चढवलेली स्वतःची मांडणी) कॅटेगरी मुळात लपवलेल्या असतात. सेटिंग → नोटिफिकेशन्स → ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'मॅनेज नोटिफिकेशन कॅटेगरीज फॉर ईच ॲप' चालू केलं की त्या दिसायला लागतात. 'आमच्या फोनमध्ये ते ऑप्शनच नाही' म्हणणाऱ्या सॅमसंगवाल्यांनी आधी हे तपासावं.

'सायलेंट' आणि 'ऑफ' यांत फरक आहे आणि तो वापरायला हवा. सायलेंट केलेलं नोटिफिकेशन वाजत नाही, थरथरत नाही, पण खाली यादीत गुपचूप येऊन बसतं. पार्सल, वीजबिल, साखर कारखान्याच्या ॲपमधली उसाच्या वजनाची नोंद, हे सगळं सायलेंटमध्ये चांगलं. संध्याकाळी निवांत बघता येतं.

आणखी काही कारणांनी केलेलं काम वाया जातं:

- ॲप काढून पुन्हा टाकलं की त्याची जुनी नोटिफिकेशन सेटिंग जाते. फोन संथ चालतो म्हणून ॲप उडवून परत टाकणाऱ्यांचा त्रास यामुळेच परततो.
- अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप नोटिफिकेशनची परवानगी आधी विचारतं. 'डोन्ट अलाव' दोनदा दाबलं की ॲपला पुन्हा ती खिडकी उघडता येत नाही. पहिल्यांदा नकार दिल्यावर दुसऱ्यांदा विचारलं म्हणून कंटाळून 'अलाव' दाबू नका, तो शेवटचाच प्रश्न असतो.
- ड्युअल ॲप वापरत असाल तर दुसऱ्या व्हॉट्सॲपची सेटिंग पूर्णपणे वेगळी असते. दुकानाचा नंबर आणि घरचा नंबर एकाच फोनवर चालवणाऱ्यांनी सगळं दोन्हीकडे वेगवेगळं करायचं.

व्हॉट्सॲप: म्यूट केलेला ग्रुप परत का बोलतो

म्यूट करताना तीन पर्याय येतात: ८ तास, १ आठवडा, ऑलवेज. घाईत मधला दाबला जातो. आठव्या दिवशी ग्रुप पुन्हा वाजतो आणि माणूस म्हणतो, फोन आपोआप सुरू करतो. तर आधी 'ऑलवेज' आहे का ते बघा.

ते असूनही वाजत असेल, तर कुणीतरी ॲट चिन्ह लावून तुमचं नाव घेतलेलं असतं किंवा तुमच्याच मेसेजला उत्तर दिलेलं असतं. म्यूट ग्रुपमधूनही ही दोन नोटिफिकेशन्स येतात, अर्काइव्ह केलेल्या ग्रुपमधूनही येतात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

पण एकेक ग्रुप म्यूट करत बसणं हा हरण्याचाच खेळ आहे. गणेश मंडळाचा नवा ग्रुप, लग्नाचा ग्रुप, निवडणूक लागली की प्रत्येक पॅनलचा ग्रुप. नवा ग्रुप आला की तो वाजतच येतो. म्हणून उलट्या बाजूने जा. आधी सगळेच ग्रुप गप्प करा, मग हवे ते दोन-तीन बोलते करा:

१. व्हॉट्सॲप → सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स. इथे मेसेज, ग्रुप आणि कॉल यांचे भाग वेगवेगळे आहेत. ग्रुपच्या भागात टोन 'नन' किंवा 'सायलेंट', व्हायब्रेट 'ऑफ', आणि 'हाय प्रायॉरिटी नोटिफिकेशन्स' बंद. हे शेवटचं राहिलं तर आवाज नसला तरी पडद्याच्या वरच्या बाजूला पट्टी सरकत राहते, आणि लक्ष जायचं ते जातंच.

२. त्याच पानावर 'रिॲक्शन नोटिफिकेशन्स' असतात. तीही बंद करा. कुणी अंगठा दाखवला हे तात्काळ कळण्याची गरज नसते.

३. आता जो ग्रुप खरंच महत्त्वाचा, तो उघडा. वर नावावर दाबा → नोटिफिकेशन्स → 'यूज कस्टम नोटिफिकेशन्स'. त्याला स्वतंत्र टोन द्या. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणीनंतर दावण्या-भुरीच्या फवारणीचा सल्ला देणारा ग्रुप असा ठेवता येईल. बेदाण्याच्या सौद्याचे दर टाकणारा ग्रुपही. बाकीचे पन्नास गप्प.

४. सेटिंग्ज → प्रायव्हसी → ग्रुप्समध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. मग ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही तो तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. त्याला निमंत्रण पाठवावं लागतं आणि ते ७२ तासांत संपतं. तोपर्यंत गप्प बसलात तरी पुरे. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' घेतलं तर ओळखीच्यांतल्याही अतिउत्साही मंडळींना वगळता येतं.

५. प्रायव्हसी → कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स'. व्हॉट्सॲपवरून येणारे परदेशी नंबरचे कॉल यामुळे वाजत नाहीत, यादीत मात्र दिसतात.

ग्रुपचे ॲडमिन स्वतः असाल तर आणखी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. शाळेचा, सोसायटीचा, पाणीवाटप संस्थेचा ग्रुप असेल तर ग्रुप परमिशन्समध्ये मेसेज पाठवायची मुभा फक्त ॲडमिनला ठेवा. पाण्याची पाळी कुणाची हे सांगायला एक मेसेज पुरतो. त्याखालचे चाळीस 'ओके' आणि सकाळची फुलं अडवली की सभासदांना ग्रुप म्यूट करायची वेळच येत नाही, आणि मग पाळीचा मेसेज चुकतही नाही.

टेलिग्रामवर परीक्षांची चॅनल्स भरून ठेवणाऱ्यांसाठी: सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स अँड साउंड्समध्ये 'चॅनल्स' पूर्ण बंद करा आणि 'ॲड ॲन एक्सेप्शन'मधून जाहिरात-निकाल देणारं एखादं चॅनल तेवढं चालू ठेवा. खाली 'इव्हेंट्स'मध्ये 'कॉन्टॅक्ट जॉइन्ड टेलिग्राम' असतं. अमुक तमुक टेलिग्रामवर आला, ही बातमी तिथून बंद होते.

'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस आहेत': हे ॲप नाही, ब्राउझर आहे

निकाल, सातबारा, बाजारभाव शोधताना एखादी साइट 'पुढे जाण्यासाठी अलाव दाबा' किंवा 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' म्हणते. अलाव दाबला की त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते. मग दिवसभर व्हायरसच्या भीतीची, लॉटरीची, नको त्या चित्रांची रांग लागते. फोन फॉरमॅट करून आणणारेही असतात. गरज नसते. व्हायरस नसतो, एक परवानगी असते.

क्रोम → तीन टिंबं → सेटिंग्ज → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी तिथे असते. अनोळखी नाव दिसलं की त्यावर दाबून ब्लॉक करा. कुठलीच साइट नको असेल तर वरचं बटणच बंद करा; पुढे कुठलीही साइट विचारणारसुद्धा नाही. बहुतेकांनी हेच करावं. ब्राउझरच्या नोटिफिकेशनवाचून अडलंय असा माणूस विरळा.

तसं नोटिफिकेशन समोर आलेलं असताना त्यावर टिचकी मारू नका. दाबून धरा, खाली साइटचं नाव दिसेल. फोनमध्ये क्रोमशिवाय कंपनीचा स्वतःचा ब्राउझर असतो, त्याची यादी वेगळी असते. क्रोम साफ केलं तरी त्रास चालू असेल तर तिकडे बघा.

फोन कंपनीच्या जाहिराती

शाओमीच्या फोनमध्ये एमएसए नावाचा भाग जाहिराती दाखवतो. सेटिंग → पासवर्ड्स अँड सिक्युरिटी → ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन, तिथे 'एमएसए'चं बटण बंद करा. १० सेकंद थांबवून ठेवतात, मग 'रिव्होक' दाबता येतं. पहिल्या खेपेला 'जमलं नाही' असा संदेश येणं नेहमीचं आहे. नेट चालू ठेवून पुन्हा पुन्हा करा, होतं. इथेच बरेच जण सोडून देतात.

लॉक स्क्रीनवर चित्रं आणि बातम्या बदलत राहतात, ते 'ग्लान्स' किंवा 'वॉलपेपर कॅरोसेल'. लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ते बंद होतं. रिअलमी, ओप्पो, विवोच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप स्टोअर, थीम स्टोअर आणि ब्राउझर ही तीन ॲप्स सुचवण्या पाठवत असतात. ती काढता येत नाहीत, पण त्यांचं मुख्य नोटिफिकेशन बटण बंद होतं. मोठं सिस्टीम अपडेट आल्यावर ही तीन तेवढी पुन्हा तपासा.

कुठलंही ॲप उघडलेलं नसताना पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात येत असेल, तर सेटिंग → ॲप्स → स्पेशल ॲप ॲक्सेस → 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' बघा. कॉल ओळखणारं ॲप सोडलं तर तिथे फारसं कुणी असायचं कारण नाही. फोन सेफ मोडमध्ये (तुम्ही टाकलेली ॲप्स बंद ठेवून) चालू करून जाहिरात थांबली, तर दोषी तुम्ही टाकलेलं एखादं ॲपच आहे, हे पक्कं.

पडद्यावर अचानक उगवणारा चौकोन, खाली 'ओके-कॅन्सल'

हा सिम कार्डातून येतो, म्हणून नोटिफिकेशनच्या कुठल्याही सेटिंगला तो दाद देत नाही. फोनच्या ॲप्समध्ये 'सिम टूलकिट' शोधा. सिमच्या कंपनीच्या नावानेही ते दिसतं. एअरटेलमध्ये 'एअरटेल नाऊ' आत जाऊन 'स्टॉप', व्हीआयमध्ये 'फ्लॅश'मध्ये ॲक्टिव्हेशन → 'डिॲक्टिव्हेट'. दोन सिम असतील तर दोन्हींचं वेगवेगळं करावं लागतं. चौकोन आल्यावर चुकून 'ओके' दाबला तर पैसे कापणारी सेवा सुरू होऊ शकते, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमध्ये हे आधी करा.

जाहिरातीचे कॉल आणि एसएमएस यांच्यासाठी १९०९ आहे. 'स्टार्ट', मग एक जागा मोकळी सोडून शून्य, असं इंग्रजीत लिहून १९०९ ला पाठवलं की सगळ्या प्रकारच्या जाहिराती अडवण्याची नोंद होते. हेही प्रत्येक सिमवरून वेगळं. बँकेचे व्यवहार आणि ओटीपी यामुळे थांबत नाहीत.

डू नॉट डिस्टर्ब: आपोआप उठतं, किंवा नको त्यालाही अडवतं

सायलेंट मोडने फक्त आवाज जातो. पडदा उजळतो, पट्टी सरकते. डू नॉट डिस्टर्ब लावलं की कोण वाजेल, कोण दिसेल हे ठरवता येतं, म्हणून रात्रीसाठी आणि अभ्यासासाठी तेच वापरायचं. त्याच्या दोन तक्रारी असतात.

पहिली, ते स्वतःहून बंद होतं. डू नॉट डिस्टर्बच्या सेटिंगमध्ये 'ड्युरेशन फॉर क्विक सेटिंग्ज' असतं. तिथे १ तास निवडलेला असेल तर तासाभराने ते उठणारच; 'अंटिल यू टर्न ऑफ' करा. वेळापत्रक लावलेलं असेल तर त्यात वार निवडलेत का बघा, शनिवार-रविवार सुटलेले असतात. डिजिटल वेलबीइंगचा बेडटाइम मोडही हेच बटण हलवतो: बेडटाइम सकाळी सहाला संपला की डू नॉट डिस्टर्बही जातं. दोन्हीकडे वेगवेगळी वेळ ठेवली की गोंधळ होतो, एकच ठेवा. शेवटी स्पेशल ॲप ॲक्सेसमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब ॲक्सेस' उघडा. तिथल्या ॲप्सना हे बटण दाबायची परवानगी असते. गेम आणि घड्याळाची ॲप्स तिथे सापडतात.

दुसरी तक्रार जास्त महागात पडते: जो कॉल यायला हवा होता तो आला नाही. डू नॉट डिस्टर्ब → पीपलमध्ये कॉल आणि मेसेज यांची परवानगी वेगवेगळी असते. दोन्हीकडे 'स्टार्ड कॉन्टॅक्ट्स' निवडा आणि मग कॉन्टॅक्ट्समध्ये हव्या त्या नावांना तारा लावा. घरचे, डॉक्टर, शेजारी. आणि शेतकऱ्यांनी न विसरता लावायचा एक नंबर म्हणजे मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमधलं सिम. रात्रीच्या पाळीची थ्री फेज लाईट आली किंवा मोटार ट्रिप झाली की स्टार्टर मालकाला कॉल करतो. तो नंबर सेव्ह नसेल तर डू नॉट डिस्टर्बच्या लेखी तो अनोळखी माणूस, आणि ऊस कोरडा राहतो. स्टार्टर एसएमएस करणारा असेल तर तारा मेसेजच्या बाजूनेही लागू आहे का ते बघा.

'रिपीट कॉलर्स' चालू असेल तर एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला की तो वाजतो. घरात आजारी माणूस असेल तर हे चालू हवंच. वसुलीवाले आणि जाहिरातवाले याचा फायदा घेत असतील तर बंद करा आणि ताऱ्यांवर भिस्त ठेवा.

व्हॉट्सॲप कॉल हे वेगळं प्रकरण आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात मुलगा सीमेवर असतो आणि त्याचा कॉल येतो तो बऱ्याचदा व्हॉट्सॲपवरूनच. त्यासाठी अख्खं व्हॉट्सॲप डू नॉट डिस्टर्बमधून मोकळं करू नका, नाहीतर सगळे मेसेज वाजतील. सेटिंग → ॲप्स → व्हॉट्सॲप → नोटिफिकेशन्समध्ये कॉलची कॅटेगरी उघडा आणि तेवढ्यापुरतं 'ओव्हरराइड डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. सॅमसंगवर तेच 'इग्नोर डू नॉट डिस्टर्ब' असतं.

'डू नॉट डिस्टर्ब लावलं की ओटीपी येत नाही' हेही ऐकू येतं. ओटीपी आलेला असतो. 'डिस्प्ले ऑप्शन्स फॉर हिडन नोटिफिकेशन्स'मध्ये सगळं लपवायचं ठेवलेलं असतं, म्हणून तो दिसत नाही. मेसेजच्या ॲपमध्ये जाऊन बघा, किंवा त्या पर्यायात फक्त आवाज बंद ठेवा. अलार्मची परवानगी बहुधा आधीपासून चालू असते, तरी पहाटेची गाडी पकडायची असेल तर एकदा खात्री केलेली बरी.

पावसाळ्यात काय गप्प करायचं नाही

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी हा विषय वेगळा होतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या सांगलीत पाणी चढायला लागलं की पातळीचे आणि कोयनेच्या विसर्गाचे मेसेज दर तासाला दहा ग्रुपमधून फिरतात. त्यातले जुने फोटो आणि मागच्या वर्षीचे आकडे किती, हे सांगायला नको. या दहा ग्रुपना आवाज देऊन झोपलात तर झोप जाईल. सगळे बंद केलेत तर वेळेवर कळणार नाही. पातळी जिथे थेट प्रशासनाकडून किंवा खात्रीच्या माणसाकडून येते असा एक ग्रुप निवडा, त्याला कस्टम टोन द्या. डू नॉट डिस्टर्बमध्ये ग्रुप मोकळा करायचा असेल तर कस्टम टोन दिलेल्या ग्रुपची स्वतंत्र कॅटेगरी तयार झालेली असते, तिच्यावर ओव्हरराइड लावता येतो.

सरकारकडून येणारा मोठ्या आवाजाचा आपत्ती इशारा हा सेल ब्रॉडकास्ट असतो, म्हणजे टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकदम जाणारा संदेश. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा सायलेंटवरचे फोनही किंचाळले, आणि घाबरून बऱ्याच जणांनी तो बंद केला. सेटिंग → सेफ्टी अँड इमर्जन्सी → वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स उघडा. 'एक्स्ट्रीम' आणि 'सिव्हिअर' चालू असू द्या. त्रास नको असेल तर फक्त 'टेस्ट अलर्ट्स' बंद करा.

अभ्यासाला बसणाऱ्यांसाठी

नोटिफिकेशन गप्प झाली तरी हात फोनकडे जातोच, त्याला डिजिटल वेलबीइंगचा फोकस मोड. लक्ष विचलित करणारी ॲप्स निवडायची, वेळ लावायची. तेवढा वेळ ती ॲप्स करडी पडतात, उघडत नाहीत आणि त्यांची नोटिफिकेशन्सही अडतात. 'टेक अ ब्रेक' दाबून ५, १५ किंवा ३० मिनिटांची सुटी घेता येते. यात युट्यूब टाकायचं की नाही यावर अभ्यासिकांमध्ये वाद होतात. व्याख्यानं तिथेच असतील तर ॲप बंद ठेवून ती ब्राउझरमधून बघा; ॲपमधल्यासारखं हात आपोआप शॉर्ट्सकडे जात नाही. युट्यूबची नोटिफिकेशन्स पूर्ण बंद करायची नसतील तर त्याच्या सेटिंगमध्ये 'शेड्यूल्ड डायजेस्ट' आहे. दिवसाची सगळी एकदम, ठरलेल्या वेळी येतात.

घड्याळ, आयफोन, कॉम्प्युटर

फोन गप्प आणि मनगट थरथरतंय, असं असेल तर घड्याळासोबतच्या ॲपमध्ये जाऊन कुठल्या ॲप्सची नोटिफिकेशन्स घड्याळावर पाठवायची ती यादी छाटा. कॉल आणि एसएमएस सोडून बाकी काढलं तरी चालतं.

आयफोनवर हे सगळं 'फोकस'मध्ये आहे, आयओएस १५ पासून. तिथे तीन गोष्टी चुकतात. 'टाइम सेन्सिटिव्ह नोटिफिकेशन्स' चालू असतील तर काही ॲप्स फोकस ओलांडून येतात. 'शेअर अक्रॉस डिव्हायसेस' चालू असेल तर आयपॅडवर लावलेला फोकस फोनही गप्प करतो आणि कॉल चुकतात. आणि 'रिपीटेड कॉल्स'साठी इथे मुदत १५ नाही, ३ मिनिटांची आहे. एखाद्या माणसाचा कॉल कुठल्याही परिस्थितीत वाजायलाच हवा असेल तर त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये 'एडिट' → रिंगटोन → 'इमर्जन्सी बायपास'.

विंडोज ११ वर सेटिंग्ज → सिस्टिम → नोटिफिकेशन्स. 'डू नॉट डिस्टर्ब' तिथेच आहे, पण पानाच्या अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' दुमडून ठेवलेलं असतं. ते उघडून तिन्ही टिक काढा. अपडेटनंतरची स्वागताची पानं आणि सुचवण्या तिथून येतात. व्हॉट्सॲप वेबचा आवाज फोनवर म्यूट करून जात नाही, तो व्हॉट्सॲप वेबच्याच सेटिंगमध्ये बंद करावा लागतो. कोपऱ्यात व्हायरसचे इशारे येत असतील तर कॉम्प्युटरच्या क्रोममध्येही सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स उघडून 'डोन्ट अलाव साइट्स टू सेंड नोटिफिकेशन्स' निवडा.